पेटी नंबर सतरा

४ मार्च, मंगळवार

छबू,

पेटी नंबर सतरा परत आली आहे.

पत्राची सुरुवात अशी करतात का, असं तू म्हणशील. नऊ वर्षांनी लिहितोय, आधी खुशाली विचारावी, दोन गोड शब्द लिहावेत. मला काही सुचत नाहीये. सकाळपासून हात गार पडलेत आणि अक्षर बघशीलच.

तुझा पत्ता आईच्या वहीतून उतरवून घेतला, तिला न विचारता. नंबरही होता, पण माझा आवाज ऐकून तू फोन ठेवला असतास. रविवारी अकराला तुझा फोन आला की मी गॅलरीत जातो, कुंड्यांना पाणी घालायला. कुंड्या तीन आणि तुमचं बोलणं पाऊण तास. एक झाड त्यातच कुजून गेलं. कंपनीतल्या त्या चौकशीनंतर तू नोकरी सोडलीस आणि मला एक शब्दही कळवला नाहीस, तेव्हा पहिलं पत्र माझं आहे हे लक्षात ठेव.

आता पेटी. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहितो, कारण मलाच ते एकदा नीट मांडून बघायचंय. पत्रा कापणाऱ्या प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. कामगाराचा हात त्या पडद्यात असेपर्यंत प्रेस खाली येता कामा नये. हात आहे की नाही हे ठरवणारी चिप पेटीत, आणि त्या चिपमधलं लॉजिक तुझं. ती चिप वीज गेली की सगळं विसरते, म्हणून रोज सकाळी तिला ते लॉजिक नव्याने भरवायला शेजारी एक छोटा कंट्रोलर. त्याचा प्रोग्रॅम माझा. भरवून झालं की कंट्रोलर हिरवा दिवा लावतो आणि कामगार कामाला लागतो. अशा तेवीस पेट्या आपण बनवल्या. सहा नंबरची भंगारात गेली, ती का ते लिहायला नको.

सतरा नंबरबरोबर गिऱ्हाइकाची चिठ्ठी होती. सकाळी हिरवा दिवा लागतो पण प्रेस हलत नाही, बंद करून पुन्हा चालू केलं की चालते, गेले दोन महिने हेच. मला वाटलं, कुठेतरी तार सैल असेल. झाकण उघडलं तर आत आपल्या नकाशात नसलेला एक रेझिस्टर, चिपच्या बाहेर जाणाऱ्या पायापासून थेट जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडलेला. त्यांच्या मिस्त्रीनं डोकं चालवलेलं दिसतंय, असं म्हणून मी चार शिव्या घातल्या आणि तो काढून टाकला.

मग पेटी चालू केली. लॅब अजून गार होती. हिरवा दिवा लागला. सवयीप्रमाणे मी पडद्यात लाकडी पट्टी धरली, म्हणजे हात आहे असं समज. मीटर बघितला. पट्टी पडद्यात होती, दिवा हिरवा होता, आणि पेटी प्रेसला सांगत होती की हात नाही, ये खाली.

मी पट्टी काढली, पुन्हा धरली. तेच. सात वेळा बंद-चालू केलं, त्यात तीन वेळा तेच. नंतर लॅब गरम झाली आणि पेटी शहाण्यासारखी वागायला लागली. दुपारपर्यंत मी त्या स्टुलावरून उठलो नाही. शिपायानं दोनदा विचारलं, साहेब, बरं वाटत नाही का?

तुझ्याकडे जुनी वही असेल तर पाठव. कदाचित तुझ्या लॉजिकमध्येच काही असेल. असेल ना?

दादा

६ मार्च, गुरुवार

छबू,

वही पाठवू नकोस. गरज नाही.

काल आणि आज मी सकाळी सातला येऊन हीटर न लावता काम केलं. चिपच्या पायांना मीटर लावला. चिपला सगळं नीट पोचलं की ती एक पाय वर उचलते. डनची तार. झालं, मिळालं, असं सांगणारी. ज्या वेळी पेटी वेड्यासारखी वागते, त्या वेळी डनची तार खालीच असते. चिप कोरी असते. गारठ्यात वीज हळू चढते, चिप धड जागी झालेली नसते आणि माझा कंट्रोलर आधीच भरवायला सुरुवात करतो. पहिले घास सांडतात. चिप ते सगळं नाकारते आणि तसं सांगतेही. कंट्रोलर बघत नाही. शेवटचा बाइट पाठवला की हिरवा दिवा लावून मोकळा.

आणि कोऱ्या चिपचे पाय हवेत असतात, आतून हलकेच वर ओढलेले. आपल्या पेटीत वर म्हणजे हात नाही, चालू द्या. वर म्हणजे सुरक्षित हे कुणी ठरवलं होतं ते विचारू नकोस. मीच.

माझा विश्वास बसेना. मी डनची तार वाचतो, हे मला माझं नाव ठाऊक असावं तसं ठाऊक होतं. मी स्वतः त्या ओळी लिहिल्या होत्या. म्हणून जुना प्रोग्रॅम काढला. ओळी आहेत, छबू. आठ ओळी. सगळ्या कॉमेंट करून, म्हणजे कंट्रोलरनं वगळाव्यात अशी खूण करून ठेवलेल्या, आणि शेजारी माझ्याच शब्दांत लिहिलंय: तात्पुरतं. उद्या परत घालणे.

खाली तारीख. बारा वर्षांपूर्वीची.

ती तारीख बघितली आणि तो दिवस डोळ्यांसमोर उभा राहिला. पहिलं गिऱ्हाईक आलं होतं, बाहेर पाच माणसं खुर्च्या टाकून बसली होती. पहिल्या बोर्डावर डनची तार छापायचीच राहिली होती, म्हणून तू एक बारीक वायर वरून लावली होतीस, आणि ऐन वेळी ती निघाली. कंट्रोलर 'झालं'ची वाट बघत अडकून बसला. तू बाहेर त्यांना चहा देत होतीस, वेळ काढत. चिपला सगळं पोचत होतं, फक्त तार तुटली होती, हे मला दिसत होतं. मी त्या आठ ओळी बाजूला केल्या. दिवा हिरवा झाला, टाळ्या पडल्या. तुला सांगितलंही नाही, कारण तू म्हणाली असतीस, दादा, पाहुणे गेल्यावर परत घाल हं. मला धाकट्या बहिणीनं आठवण करून दिलेली आवडत नसे.

तुला आठवतं, अगदी सुरुवातीला आपली चिप तीन दिवस मेल्यासारखी पडून होती? डनची तार वर, पण काम शून्य. मी चिप बनवणाऱ्यांच्या नावानं खडे फोडत होतो. तू पुस्तक उघडून बोट ठेवलंस. झालं म्हटल्यावरही क्लॉकचे आणखी काही ठोके द्यावे लागतात, त्याशिवाय ती कामाला लागत नाही. मी ते ठोके विसरलो होतो. तू हसली नाहीस, पण मी आठवडाभर तुझ्याशी धड बोललो नव्हतो. त्या ओळी मात्र अजून जागेवर आहेत. तुझ्या नावानं मी तेवढंच सांभाळलं म्हणायचं.

चौकशीत मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. तुलाही आठवत असणार. सहा नंबरची प्रेस चालवणारा तो माणूस सव्वीस वर्षांचा होता, उजव्या हाताची तीन बोटं गेली होती, टेबलाच्या पलीकडे पट्टी बांधून बसला होता. नंतर तपासली तेव्हा पेटी व्यवस्थित चालत होती. दिवा हिरवा होता हे चार जणांनी पाहिलं होतं. म्हणजे चिपला लॉजिक मिळालं होतं, म्हणजे लॉजिकच चुकीचं. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "माझा कंट्रोलर नुसता हमाल आहे. ओझं पोचवतो. ओझ्यात काय भरलंय ते हिला विचारा."

दोघे-तिघे हसले. मलाही माझंच वाक्य आवडलं होतं, खरं सांगतो. तू खाली बघत होतीस. तू काहीच बोलली नाहीस म्हणून मी धरून चाललो की तुला तुझी चूक कळली आहे.

हमालानं ओझं दारात टाकलं, आत माणूस आहे की नाही ते बघितलं नाही आणि पोच मिळाली असं स्वतःच लिहून दिलं. बारा वर्षं. तेवीस दारांत.

आता पुरे. उद्या लिहितो.

दादा

८ मार्च, शनिवार

छबू,

कंपनीच्या साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

काल ते दौऱ्यावर होते. फोन करता आला असता. केला नाही. सोमवारी समोरासमोर सांगितलेलं बरं, असं मनाशी म्हटलं आणि मग लक्षात आलं की बावीसपैकी एक पेटी माझ्या टेबलावर आहे आणि एकवीस ठिकाणी उद्या-परवा सकाळी कुणीतरी बटण दाबणार आहे. थंडी अजून आहे. मी सोमवार म्हणतोय. तात्पुरतं, उद्या परत घालणे, हे लिहिणारा माणूस अजून तोच आहे.

म्हणून आज सुट्टी असून जवळच्या दोन कारखान्यांत गेलो. नेहमीची तपासणी आहे म्हणून सांगितलं. खरं कारण सांगायची हिंमत नव्हती.

आता तुझ्यापासून लपवलेलं एक सांगतो. सतरा नंबरमधला तो रेझिस्टर मिस्त्रीनं लावला असेल, असं मी लिहिलं होतं. मिस्त्रीच्या हाताचं काम ते नव्हतं. पाय काटकोनात वाकवलेले, सोल्डर आरशासारखं, आणि दोन्ही टोकांना लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका. तू तपासून झालेल्या प्रत्येक जोडाला तसा ठिपका लावायचीस आणि मी सगळ्यांसमोर तुझ्या टेबलाला ब्युटी पार्लर म्हणायचो. मी तो ठिपका मंगळवारीच बघितला होता. बघून न बघितल्यासारखं केलं. जगात नेलपॉलिशची काय कमी आहे, असं म्हणालो.

आज पेटी नंबर चार उघडली. तोच रेझिस्टर, तेच दोन ठिपके. दुसऱ्या कारखान्यात नऊ नंबर उघडली. तेच. मी तिथेच जमिनीवर बसलो. सुपरवायझर घाबरला, त्याला वाटलं मला शॉक बसला. बसलाच होता.

त्याला विचारलं, हे कुणी केलं? तो म्हणाला, "तुमच्याच बाई ना? येऊन दोन-तीन वर्षं झाली. म्हणाल्या, छोटी दुरुस्ती राहिली आहे. वीस मिनिटांत करून गेल्या, चहासुद्धा घेतला नाही."

त्यानं फाटकावरची वही दाखवली. तुझं अक्षर. येण्याचं कारण या रकान्यात 'राहिलेलं काम' असं लिहिलंय.

 त्या एका रेझिस्टरनं कोऱ्या चिपचा पाय खाली ओढला जातो. खाली म्हणजे हात आहे, थांब. चिप कोरी असली तर प्रेस हलतच नाही. माझा दिवा खोटं बोलतो आणि तुझा रेझिस्टर प्रेसला धरून ठेवतो. सतरा नंबरची तक्रार आली ती तुझ्यामुळेच. नाहीतर ती पेटी दोन महिने रोज सकाळी हसत हसत हात कापायला तयार होती.

म्हणजे तुला ठाऊक होतं. कधीपासून? आणि ठाऊक होतं तर मला का सांगितलं नाहीस?

दादा

११ मार्च, मंगळवार

छबू,

पहिल्या पत्रात मी लिहिलं की चौकशीनंतर तू एक शब्दही कळवला नाहीस. ते खोटं होतं.

तुझं पाकीट आलं होतं. चौकशीनंतर दोन महिन्यांनी. मी ते फोडलं नाही. शिव्याच असणार, आणि धाकट्या बहिणीच्या शिव्या वाचण्याइतका मी रिकामा नाही, असं म्हणून ते ऑफिसच्या खालच्या खणात टाकलं. जागा बदलली तेव्हा नव्या खणात आलं. विभागप्रमुख झालो तेव्हा कुलपाच्या खणात गेलं. फेकलं नाही, हे मी स्वतःला चांगुलपणा म्हणून सांगत आलो.

काल आधी साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. आठ ओळी, तारीख, मीटरचे आकडे, सगळं टेबलावर मांडलं. मला वाटलं होतं, त्यांच्या तोंडचं पाणी पळेल. ते शांत होते. चष्मा पुसला, म्हणाले, "नऊ वर्षांत दुसरा अपघात नाही. आता उकरून कुणाचं भलं होणार आहे? नवा प्रोग्रॅम पाठवून द्या, सुधारणा म्हणून. गिऱ्हाईक खूश होईल."

छबू, मी मान डोलावली. तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही म्हणून लिहितो. सुधारणा हा शब्द ऐकून मला हायसं वाटलं. पेट्या दुरुस्त होतील, कुणाचा हात जाणार नाही, माझी खुर्ची राहील. राहता राहिलं तुझं नाव. ते नऊ वर्षं खराब आहेच, आणखी थोडं राहिलं तर काय, असा विचार माझ्या डोक्यात आला. मी तुझा सख्खा भाऊ. दारापर्यंत पोचेपर्यंत तो विचार माझ्याबरोबर होता.

मग जागेवर आलो आणि कुलपाचा खण उघडला. का ते माहीत नाही. पाकिटाचा डिंक इतका वाळला होता की बोट लावताच उघडलं.

तू लिहिलेलं तुलाच परत लिहून पाठवतो, कारण ते मी वाचलंय याचा दुसरा पुरावा माझ्याकडे नाही.

"दादा, मी घरी बोर्ड मांडून बघितला. पेटी फ्रीजमध्ये ठेवून गार केली, तेव्हा सापडलं. तुझा कंट्रोलर डनची तार वाचत नाही. तू मुद्दाम केलं नसणार, घाईत राहिलं असेल. साहेबांना जाऊन दाखवलं. ते म्हणाले, तुमच्या भावानं लिहून दिलं तर बघू. म्हणून तुला लिहितेय. आता तुझ्या आधी मी आणखी कुणाकडे बोलणार नाही, ते तू स्वतः सांगावंस असं मला वाटतं. पण पेट्या तशा सोडणार नाही. चिपच्या पायाला एक रेझिस्टर लावला तर हात वाचतात. तो मी लावत फिरेन. बाकीचं तू कर. उत्तर दे. छबू."

शिव्या नव्हत्या. एकही नव्हती. एखादी असती तरी चाललं असतं.

साहेबांना तेव्हापासून ठाऊक होतं. माझ्यासमोर शांतपणे चष्मा पुसणारा तो माणूस नऊ वर्षांपूर्वी तुझं सगळं ऐकून बसला होता. आणि ते माझ्या खणातही होतं. मी रोज त्याच्यावर पाय ठेवून बसत होतो.

आईला विचारलं, तुला माहीत होतं का. ती म्हणाली, "यंत्रातलं मला काही कळत नाही. ती एवढंच म्हणायची, दादाचं उत्तर आलं का बघ."

दर रविवारी. आणि मी गॅलरीत.

दादा

१४ मार्च, शुक्रवार

छबू,

बुधवारी सकाळी एक निवेदन लिहून कारखान्यांच्या सुरक्षेच्या कार्यालयात दिलं. त्याची प्रत सोबत आहे. त्यात आठ ओळी आहेत, माझी तारीख आहे, चौकशीतलं माझं हमालाचं वाक्य आहे आणि ते खोटं ठरलं असं लिहिलंय. लॉजिकमध्ये दोष नव्हता आणि नाही, हे वेगळ्या परिच्छेदात लिहिलं, तुझ्या पूर्ण नावानिशी. साहेबांचं तेव्हाचं बोलणंही लिहिलं. खालची सही थोडी वाकडी आहे. ती माझीच आहे.

दुपारी साहेबांनी माझं ओळखपत्र काढून घेतलं. मी खणातून फक्त तुझं पाकीट घेतलं. शिपाई दारापर्यंत आला. त्यानं पुन्हा विचारलं, साहेब, बरं वाटतं ना? बरं वाटत होतं, असं म्हणणार नाही. पण हातपाय गार नव्हते.

त्याआधी सगळ्या कारखान्यांना फोन केले. पेटी उघडा, लाल ठिपका दिसतो का सांगा. छबू, वीस पेट्यांत ठिपका निघाला, सतरा नंबर धरून. एक कारखाना तर इथून दोन दिवसांच्या वाटेवर आहे. तू तिथे कशी गेलीस, रजा कशा काढल्यास, मला कल्पना करवत नाही. दोन पेट्या राहिल्या होत्या. एका ठिकाणी फोनवरच प्रेस बंद केली. दुसऱ्या ठिकाणचा मॅनेजर म्हणाला, "हिरवा दिवा लागतो ना? मग झालं तर." माझंच वाक्य मला ऐकवत होता.

म्हणून काल पहाटेची बस धरून तिथे गेलो. फाटकावरचा माणूस म्हणाला, एक बाई तीनदा येऊन गेल्या, पण कंपनीचं पत्र नव्हतं, आत सोडलं नाही. माझ्याकडेही नव्हतं. मी म्हटलं, चूक करणारा मीच आहे, त्याला तरी सोडा. तो गोंधळला आणि सोडलं.

प्रेसवर एक बाई होती, पन्नाशीची. मी रेझिस्टर लावला. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, जोड तुझ्यासारखा आला नाही. थंडी होती. पेटी चालू केली. हिरवा दिवा लागला. त्या बाईनं रोजच्या सवयीनं पत्र्याचा तुकडा ठेवायला हात आत घातला आणि तिचा पाय पेडलवर पडला.

प्रेस हलली नाही.

ती म्हणाली, "बिघडवलंत का हो? रोज चालते." हात अजून आतच होता. दिवा हिरवा होता. मी मीटर लावला. डनची तार खाली होती. चिप कोरी होती, छबू. दहा मिनिटांपूर्वी तिनं तेच बटण दाबलं असतं तर. मी तिचा हात धरून बाहेर ओढला, ती ओरडली, लोक जमले.  मी नुसता तो हात धरून उभा होतो आणि बोटं मोजत होतो. शेवटी मॅनेजरनंच प्रेसचा खटका पाडला.

परतताना तिथूनच त्याच्याकडे गेलो. सहा नंबरवाला. तो आता एका गोदामात सामान लिहून घेतो, डाव्या हातानं. बसा म्हणाला नाही. मी उभ्यानं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चौकशीनंतर काही महिन्यांनी तुमच्या बहीणबाई दवाखान्यात आल्या होत्या. मी विचारलं, चूक कुणाची? त्या म्हणाल्या, ज्याची आहे तो येईल सांगायला." मग वही मिटली. "फार उशीर केलात."

मी माफी मागितली. त्यानं ती घेतली नाही, आणि त्यानं घ्यावी असं मला वाटतही नाही. निवेदनाची प्रत त्याला दिली आहे. भरपाईचं प्रकरण पुन्हा उघडायला ती लागेल. साक्ष द्यायला मी जाईन.

तुझं पाकीट मी नऊ वर्षं फोडलं नाही, तेव्हा माझी पत्रं तू फोडावीस असं म्हणायला मला तोंड नाही. ही पाचही पत्रं मी टपालपेटीत टाकली आहेत, एवढंच मला ठाऊक आहे. पाठवलं म्हणजे पोचलं, असं धरून मी पुन्हा चालणार नाही. तुला मिळाली की नाही ते तू सांगितल्याशिवाय मला कळणार नाही, आणि तू सांगेपर्यंत मी थांबणार आहे. कितीही दिवस.

माझं चुकलं, छबू. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

दादा

१९ मार्च, बुधवार

दादा,

पाचही पोचली.

पोचली म्हणजे सगळं लगेच सुरू होतं असं नाही. त्यानंतरचे ठोके लागतात, आणि ते तू पूर्वीही विसरला होतास.

तू लावलेला जोड मी येऊन बघेन. नेलपॉलिश माझ्याकडे आहे.

रविवारी अकराला आईला फोन करीन. गॅलरीत जाऊ नकोस.

छबू